सतरंजीवरच्या जागा
१९५९ च्या एप्रिलात वलगावजवळच्या आमच्या गावात रस्त्यावर मुरूम टाकायला एकशे चाळीस रुपये जमले होते. पाराजवळ सभा भरली. आम्ही शेतकरी एका सतरंजीवर, बौद्ध वस्तीतली मंडळी दुसरीवर. रस्ता पारापर्यंतच करायचा की वस्तीपर्यंत न्यायचा, यावर सगळं अडलं होतं.

बोलणी घडवायला अकोल्याहून एक गृहस्थ आले होते. त्यांचं नाव मी विचारलं नाही. बोलताना ते सतरंजीवरच्या काड्या वेचत. आधी त्यांनी दोन्ही सतरंज्या जोडल्या आणि म्हणाले, "ज्याचं शेत ज्याच्या शेजारी, तो त्याच्याजवळ बसन."

"शेजारी तं माहा भाऊच हाय, त्याच्याशी मी बोलत नाई!" पाटील म्हणाले. सगळे हसले.

"आन् ज्याले शेतच नाई?" वस्तीतल्या एका बाईनं विचारलं.

"तो ज्याच्या शेतात राबते, त्याच्याजवळ."

ती माझ्याच शेतात निंदायला, म्हणजे तण काढायला यायची. जराशी घुटमळली आणि माझ्याजवळ बसली. "भाऊ, आषाढात तुमी रागवता, उशीर काहून केला म्हून. गुडघाभर चिखल तुडवत येतो ना मी!"

रस्ता पारावर थांबला तर माझंच निंदण खोळंबेल, हे मी उभं राहून सांगितलं. मग आणखी तिघे तेच सांगायला उठले. वर्गणी वाढवायचं ठरलं. ते गृहस्थ संध्याकाळच्या मोटारीनं गेले. पुन्हा दिसले नाहीत.

मिरगाआधी मुरूम वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत पडला. एकशे नव्वद रुपये सहा गाडीवानांना दिले. चौघे गावातले, दोघे वस्तीतले, आणि खेपेचा दर सगळ्यांना एकच.