नखाखाली चिरडलेली गोचीड

त्याला सगळे फासेवालाच म्हणत. बावीस वर्षं तो नगरपालिकेच्या गाडीवर भटकी कुत्री पकडत होता. हातात लांब लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला तारेचा फास. कुत्रं कितीही उसळू दे, फास मानेत बसला की खेळ खल्लास. हातापायांवर चाव्यांचे व्रण होते, पण रेबीजची इंजेक्शनं वेळच्या वेळी घेतलेली, त्यामुळे गडी बिनधास्त.

त्या मंगळवारी बंद पडलेल्या गोदामात एका तांबूस कुत्रीनं त्याला घाम फोडला. तिनं बूट फाडला, दांड्यालाच दात रोवून हिसडे दिले. शेवटी त्यानं तिला भिंतीशी दाबून धरलं. तिचे कान गोचिडींनी गच्च भरले होते. सवयीनं त्यानं चार-पाच उपटल्या आणि अंगठ्याच्या नखाखाली फट्फट् चिरडल्या. रक्त पँटला पुसलं. घरी आंघोळीला बसला तेव्हा गुडघ्यामागेही एक चिकटलेली सापडली. तीही त्यानं तशीच चिरडली.

आठवड्यानं ताप चढला. डोकं असं ठणकायला लागलं की जणू आतून कुणी घण घालतंय. मनगटांवर, घोट्यांवर लाल ठिपके उठले.

"डॉक्टरकडे चला," बायको म्हणाली.

"घामोळं आहे गं. गोळी दे."

पाचव्या दिवशी भर दुपारी तो उठून बसला. खोलीभर कुत्री दिसत होती. कपाटावर, खाटेखाली, दारात. एक थेट त्याच्याकडे येत होतं. कामावरून आणून कोपऱ्यात ठेवलेला दांडा त्यानं उचलला, फास टाकला आणि ओढला. कुत्रं भुंकलं नाही. घशातून घरघरलं, तारेत बोटं घालायला धडपडलं. त्यानं आणखी आवळलं.

ती त्याची बायको होती. पडताना तिच्या धक्क्यानं कपबश्या फुटल्या, म्हणून पलीकडच्या खोलीतला त्याचा थोरला भाऊ धावत आला. त्यानं आधी हाका मारल्या. मग दाराचा अडसर काढून फासेवाल्याच्या खांद्यावर घातला, मग बरगड्यांवर. तरी पकड सुटेना, तेव्हा तोंडावर. शेजारीही घुसले.

"पिसाळलाय हा! जवळ जाऊ नका, चावेल!"

त्याला दोरानं खाटेला करकचून बांधलं. कुणीतरी लांबूनच लाथ घातली. त्याच्या तोंडातून रक्त आणि दाताचा तुकडा बाहेर आला.

बायको भिंतीला टेकून उठली. गळ्याभोवती तारेचा लाल वळ, आवाज पार बसलेला. तिनं तांब्या उचलला आणि त्याच्या फुटक्या ओठांना लावला. तो घटाघट पाणी प्यायला.

"बघा! पिसाळलेला माणूस असं पाणी पितो का? सगळी इंजेक्शनं झालीत त्याची. गाडी बोलवा आधी!" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मुठी उघडल्या. तळहातांवर पुरळ, तळपायांवरही.

"यांना गोचीड चावली होती का?"

"रोजच चावतात हो," बायको म्हणाली.

काही गोचिडींच्या पोटात रिकेट्सिया नावाचे जंतू असतात, गोचीड चावली किंवा चिरडली की ते अंगात जातात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या पडद्यात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोचतात, हे बाईंनी नंतर समजावलं. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "रिपोर्टची वाट बघत बसलो तर हातचा जाईल." डॉक्सिसायक्लिन हे जंतूंवरचं औषध लगेच सुरू केलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पण रक्त न पोचल्यानं उजव्या हाताची दोन बोटं कोळशासारखी काळी पडली होती. ती कापावी लागली. तीन बरगड्या मोडल्या होत्या, त्या मात्र भावाच्या अडसरानं.

शुद्धीवर आल्यावर त्यानं बायकोच्या गळ्याकडे पाहिलं. "हे कुणी केलं?"

तिनं पदर गळ्याभोवती ओढून घेतला. त्याला कळलं. तो भिंतीकडे वळून हमसून रडला. प्रत्येक हुंदक्याला बरगड्यांतून कळ येत होती.

भाऊ आठ दिवसांनी आला. खुर्ची असून बसला नाही.

"मारताना तू मला माझा भाऊ वाटलाच नाहीस," तो म्हणाला.

"मलाही ती बायको वाटली नव्हती, दादा."

भाऊ मग बसला.

बायको महिनाभर बहिणीकडे राहिली. परत आली ती पिशवी खाली न ठेवता दारातच उभी राहिली.

"ते काम सोडलंत का?"

"सोडलं. आता पाण्याच्या टाकीवर आहे, झडपा उघडायला."

तिनं त्याचा तीन बोटांचा हात उलटसुलट करून पाहिला आणि आत गेली.