वहिनी, मीठ दाखवा

भादवा सरत आला की आमच्या कापडे गावात अंग चिकचिकवणारा उकाडा असतो, आणि दुपारनंतर घाटावरून ढग कधी उतरतील याचा नेम नसतो. शेतात हळवं, लवकर येणारं भात पिकून उभं असतं. कापलेलं भिजलं, तर दाण्याला मोड येतात. अशा दिवसांत आमचे शेजारी सकाळीच दारात येतात, टॉवेलने मान पुसतात आणि माझ्या बायकोला म्हणतात, “वहिनी, मीठ दाखवा.”

बरणीतली चिमूट ते बोटांत चोळतात. ओलसर लागली तर पाऊस, कोरडी लागली तर कापणी. मी मोबाइलवरचा अंदाज दाखवला की हसतात. “त्याला आपला डोंगर ठावा हाय का?”

परवा म्हणाले, “कोरडं ठाक हाय. बिनधास्त कापा.” आम्ही कापलं. दुपारी घाटाकडे गडगडलं, तसे ते बायकोला घेऊन धावत आमच्या शेतात आले. दोघांनी आमच्याबरोबर भात उचलून पडवीत टाकलं. शेवटचा भारा आत आला आणि सर कोसळली. तेव्हा माझ्या बायकोने कबूल केलं, की बरणीत त्याच सकाळी नव्या पुडीतलं मीठ भरलं होतं.

“अस्सं,” एवढंच ते म्हणाले.

काल कळलं, आमच्याच मिठावर भरवसा ठेवून त्यांनीही कापलं होतं आणि ते सगळं भिजलं. मी विचारलं, तर म्हणाले, “तुमचं शेत वाटेत आधी लागलं.”

आज सकाळी ते पुन्हा दारात. “वहिनी, मीठ दाखवा.” बरणीत हात घालता घालता थांबले.

“पुडी कवा फोडली?”