तुमच्या हातचा चहा

"तुमचं झालं भाऊ, आता वहिनीचं."

मागच्या लोकसभेच्या निवडणुकीआधी लोकांचा कौल घ्यायला मी आणि काकू गावोगाव फिरायचो, तेव्हा काकूंचं हे वाक्य घरोघर ठरलेलं. काकू चांदूर बाजारच्या. पायरीवर बसायच्या, पदराने मान पुसायच्या आणि घरधन्याचं मत टॅबवर नोंदवून झालं की त्याच्या बायकोकडे वळायच्या.

तो मध्ये पडायचाच. "तिचं काय येगळं हाये? तिचं बी तेच लिवा."

असे घरधनी तुम्हीही पाहिले असतील. काहींच्या घरातही असतील, मी नावं घेत नाही.

काकू वाद घालत नसत. "मंग एक काम करा भाऊ. चा पाजा, पन तुमच्या हातचा." आता वऱ्हाडात दारी आलेल्या माणसाला चहा नाही कसा म्हणणार? घरधनी मुकाट आत जायचा. मग आतून आवाज, "साखर कोठी हाये वं?" जरा वेळाने, "चायपत्तीचा डबा कोनता?" बाई बसल्या जागेवरून डबे सांगायची आणि मधल्या वेळात आपलं मतही सांगून टाकायची. बार्शीटाकळीची एक बाई म्हणाली होती, "मले हे कोनी आजपावतर इचारलंच नाही."

चहा बहुतेक भयंकर असायचा. काकू तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायच्या आणि परतीच्या एसटीत पित्ताची गोळी चघळत बसायच्या.

शेंदूरजनाघाटला एका संत्रा बागायतदाराला संशय आला. निघताना त्याने विचारलं, "काय सांगतलं तिनं?" त्याची बायको दारामागे उभी होती, तिचा चेहरा उतरला.

"इसरली भाऊ मी," काकू म्हणाल्या. "तुमचा चा लय गोड झाला होता."

त्याने आम्हाला त्या गल्लीत पुढे फिरू दिलं नाही. सर्व्हेचं काम देणारे साहेब चिडले, काकूंना पुन्हा काम देणार नाही म्हणाले. "नका देऊ," काकू शांतपणे म्हणाल्या, "पन तिचं ते तिचंच राह्यलं पायजे."

पुढे काकूंना लकवा मारला आणि वाचाच गेली. इतक्या बायांना बोलतं करणारी ही बाई, तिच्याच वाट्याला हे यावं, याचा मला फार राग आला. कुणावर, ते ठाऊक नाही.

या लोकसभेच्या वेळी त्यांचीच गल्ली माझ्याकडे आली. काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. काकांनी आपलं मत सांगितलं आणि सहज म्हणाले, "तिले त आता बोलता येत नाही. तिचं बी तेच लिवा."

काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"काका," मी म्हणाले, "चहा पाजा. तुमच्या हातचा."

काका आत गेले. मी टॅबवरची चिन्हं काकूंपुढे धरली. डावा हात हळूहळू वर येऊ लागला. पण माझा अंदाज चुकला. आता स्वयंपाकघर काकाच सांभाळत होते. डबे त्यांना पाठ झाले होते. काकूंचं बोट अजून हवेतच होतं आणि काका दोन कप घेऊन दारात उभे.

त्यांनी ते बोट पाहिलं. मग माझा कप माझ्यापुढे ठेवला.

"तिच्या चात अद्रक टाकाचं राह्यलं," म्हणाले, आणि दुसरा कप घेऊन पुन्हा आत गेले.

काकूंचं बोट टॅबवर टेकलं. मी चहाचा घोट घेतला. एकाच भांड्यातला चहा तो, आणि त्यात अद्रक भरपूर होतं.