कान्हा भावजींचं हाफ

माझे दीर कान्हा भावजी सोमवारी गेले. सगळा कोळीवाडा त्यांना हाफ कान्हा म्हणायचा. ते कशापायी, हे नव्या पोरांना ठाव न्हाय, म्हणून सांगते.

भावजी आधी मुंबईच्या बोटीवर इंजिनात होते. तिथं गोऱ्या साहेबाच्या वेळेपासून वरून हुकूम यायचा, फुल, हाफ, स्टाप. हाफ म्हणजे अर्धा जोर. तो शब्द घेऊनच घरी आले. चहा हाफ, भाकर हाफ, पोरांची चड्डी हाफ, यष्टीत तिकीट हाफ. मी चिडले की म्हणायचे, "वहिनी, जरा हाफ."

एकोणसाठ साली आमच्या होडीला इंजिन बसलं. माझा नवरा धर्मा सुकाणावर, भावजी खाली इंजिनाच्या खड्ड्यात. खालच्याला दर्या दिसत न्हाय. वरचा सांगंल तसं करायचं, उलट बोलायचं न्हाय.

त्या श्रावणात माझ्या पोटात पोर आडवं आलं. सुईण काशी म्हणाली, माझ्या हातचं न्हाय, श्रीवर्धनला न्या. पायी जावं तर बोर्लीच्या वाटेला ओढा भरलेला. होडी पाण्यात होती, पण नारळी पुनव व्हायची होती. सासू वेणूबाई दारात आडवी.

"दर्याला नारळ दिल्याबिगर जाता?"

"आये, नारळ थांबंल. वहिनी थांबायची न्हाय," भावजी बोलले.

खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. मी तळाला, इंजिनाजवळ पडलेली. कळ आली नि मी किंचाळले. वर धर्मा घाबरला.

"फुल कर, कान्हा."

भावजींनी केलं न्हाय.

"बहिरा झालास काय रं? फुल कर."

"हाफच," भावजी म्हणाले. होडी लाटेवरून खाली आपटली. फळ्या करकरल्या. मला वाटलं फुटली. पण निघालो बाहेर.

श्रीवर्धनला मी वाचले. पोरगा न्हाय वाचला. धर्मा दवाखान्याच्या पायरीवर चारचौघांत भावजींना म्हणाला, "तुझ्या हाफनं माझा पोरगा खाल्ला."

मला घेऊन परत निघाले तेव्हा दोघं भाऊ बोलत नव्हते. खाडीच्या तोंडाशी मागून मोठी लाट आली. होडीचा मागचा भाग वर उचलला, इंजिनाचा पंखा पाण्याबाहेर मोकळाच गरगरला, पुढचं टोक पाण्यात घुसलं. इंजिन हाफवर होतं तरी पाणी आत आलं. धर्माचा चेहरा मी बघितला. त्याला कळलं, त्या दिवशी इंजिन फुलवर असतं तर होडी नाक खुपसून आम्हा सगळ्यांना घेऊन तळाला गेली असती.

आत खाडीत आल्यावर तो म्हणाला, "कान्हा, वर ये. सुकाण तू धर."

नि आपण खाली उतरून पाणी उपसायला लागला. मरेस्तोवर त्यानं सुकाण परत मागितलं न्हाय.