भिंतीमागचे ठिपके

"दोन्ही हात वर कर. मोबाइल दिसू दे."

सुपरवायझर माझ्या मुलीच्या वयाचा. हजेरी शेडमध्ये सगळे झाडूवाले उभे, आणि मधोमध मी. उजव्या हातात माझा मोबाइल, डाव्या हातात माझ्या जोडीच्या लीलाबाईचा. त्याने फोटो काढला आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला. खाली एकच शब्द. कामचोर. सगळ्यांच्या खिशात एकदम टिंगटिंग झालं. कुणी मान वर केली नाही.

आम्ही नाशिक रोडला रस्ते झाडतो. कंत्राटदाराने प्रत्येकीला मोबाइल दिला आहे. आम्ही कुठे आहोत ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसतं. नकाशावर एक लाल ठिपका, ती मी. ठिपका दहा मिनिटं एका जागी थांबला की मोबाइल थरथरतो. तीनदा थरथरला की अर्धी हजेरी गेली.

आणि आमच्या पट्ट्यात बाईला जायला जागा नाही. एक शौचालय आहे, त्याला कायम कुलूप. जायचं तर रुळांकडच्या भिंतीमागे, आडोसा बघून. पाळी असली की वेळ लागतो. म्हणून आम्ही जोडीजोडीने काम करायचो. एक जाणार, दुसरी तिचा मोबाइल आपल्या पोलक्यात टाकून झाडत राहणार. ठिपके दोघींचेही चालू. सगळ्याच बाया असं करायच्या.

त्या दिवशी लीलाबाईच्या अंगावरून फार जात होतं. तासभर ती भिंतीमागेच बसून होती. तिचा पट्टा रस्त्याच्या पलीकडचा. मधूनमधून पलीकडे जाऊन यायचं, एवढं माझ्या डोक्यातून निसटलं. मी आपली माझ्याच बाजूला झाडत राहिले. ऑफिसात दोन ठिपके एकमेकांवर बसलेले दिसले. सुपरवायझर साहेब गाडी काढून आला आणि मला शेडमध्ये घेऊन गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

फोटो संध्याकाळच्या आत माझ्या वस्तीत पोचला. मुलीनेही बघितला. तिने मला ताट वाढलं आणि माझ्याकडे न बघता जेवली.

त्या ठिपक्याचं भूत तसं आधीपासूनच मानगुटीवर होतं. आई गेली तेव्हा निफाडला मी तिच्या उशाशी बसले होते. मोबाइल नाशकातच ठेवलेला. तरी छातीपाशी थरथरल्यासारखं झालं आणि मी उठून चालायला लागले. अंगणात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोकांना वाटलं, दुःखाने सैरभैर झाली. खरं तर मी घाबरले होते. शेवटचं आईपाशी मला बसता आलं नाही. याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाला, "व्हिडिओत माफी माग. लीलाबाईचं नाव घेऊन माग. मग झाडू मिळंल."

त्याने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. लीलाबाई पदर तोंडाला लावून कोपऱ्यात उभी. घरात कमावणारी मी एकटी. माफी मागायलाच मी तोंड उघडलं होतं, खोटं कशाला सांगू? पण आईचं अंगण डोळ्यांपुढे आलं.

"साहेब, लीलाबाई भिंतीमागं बसली व्हती. तिला रक्त जात व्हतं. आमाला मुतायला जागा नाय. तुमच्या नकाशात ती जागा दावा, मंग माफी मागते."

"बंद कर ते."

"मोबाइल तुमच्या हातात हाय. तुमीच बंद करा."

त्याने बंद केला. मला आठ दिवस घरी बसवलं. माणसं कमी पडली तेव्हा परत बोलावलं.

तो फोटो ग्रुपवर अजून आहे. रिकाम्या पोलक्यात अजून थरथरतं. पण आता जायचं झालं की मी मोबाइल कुणाकडे देत नाही, सोबत नेते. ठिपका थांबतो. हजेरी कापतात, कापू दे. लीलाबाईही तेच करते, आणि आता बाकीच्याही. रोज सकाळी साहेबाच्या कॉम्प्युटरवर त्या भिंतीमागे लाल ठिपके जमा होतात. तिथे शौचालय उभं राहीपर्यंत ते तिथेच दिसतील.