चिबाड आटलं तेव्हा

गेवराई तालुक्यात गोदावरीच्या अंगाला आमची वस्ती आहे. वस्तीखाली चिबाड होतं. बारमाही ओल, म्हणून तिथे कुणी नांगर घातला नाही. उन्हाळ्यात सगळं रान करपलं तरी चिबाडात गुडघाभर गवत असायचं. लव्हाळा, मारवेल, हरळी. आणि नखाएवढी जांभळी फुलं, ज्यांचं नाव आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. टिटव्या, पाणकोंबड्या तिथेच अंडी घालायच्या. लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या म्हशी त्याच गवतावर जगल्या.

मग नदीत वाळूची मशिनं उतरली. पात्र खोल गेलं, तसं चिबाडातलं पाणी तिकडे ओढलं गेलं. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. आमचे मालक तहसीलला खेटे घालून थकले.

त्या चैत्रात आमची गाभण म्हैस पाण्याच्या वासानं वाळूच्या खड्ड्यात उतरली आणि पोटापर्यंत गाळात रुतली. आम्ही दोघांनी दावं लावून ओढलं. ओढावं तितकी ती खाली जायची. शेवटी तिचं तोंड वर राहावं म्हणून मी गाळात बसले आणि तिची मान मांडीवर घेतली.

"अवो, मशीनवाल्याला बोलवा."

"ज्यानं चिबाड मारलं, त्याच्या पाया पडू?"

"पडा. न्हाईतर मी जाते."

ते गेले. मशीनवाला लगेच मशीन घेऊन आला. पोटाखालून पट्टे घालून त्यानं म्हैस अलगद वर घेतली. ती काठावर थरथरत उभी राहिली, तेव्हा मालकांना रडू फुटलं.

"कामून खांदतो रं एवढं?"

मशीनवाल्यानं मान खाली घातली. "मी न्हाई खांदलं तर दुसरा बसन, मामा."

दुसऱ्या दिवशी म्हैस गाभडली, मेलेलं रेडकू पडलं. बाकीच्या म्हशी आम्ही चौसाळ्याला माझ्या भावाकडे धाडल्या. तेवढी एक दारात ठेवली.

पावसाळ्यात चिबाडावर पाणी साचलं आणि लगेच मुरून गेलं. वर आलं ते गाजरगवत. म्हैस त्याला तोंड लावेना. मालक रोज तिथे जाऊन ते उपटत बसायचे. हाताला खाज सुटायची, फोड यायचे. मी बांधावरून जेवायला हाक मारली की म्हणायचे, "एवढं झालं की आलो."

समोर पार नदीपर्यंत तेच गवत होतं.