रूळ नसलेल्या तालुक्यातला डबा

बाळांनो,

थोरल्याने मागच्या आठवड्यात फोटो पाठवला. अंगात निळा डगला, हात कोपरापर्यंत काळे आणि मागे जुना लाकडी रेल्वेडबा. दर शनिवारी तो तिकडे परदेशातल्या हौशी मंडळींबरोबर जुने डबे दुरुस्त करायला जातो म्हणे. फोनवर तुमचा बाबा बोलून गेला, "आजीनंही हे केलंय," आणि विषय बदलला. पुढचं मीच सांगायला हवं. तोंडी सांगताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते.

आपल्या जुन्नर-आंबेगावकडे रेल्वे नाही. तरीही नव्वदच्या दशकाच्या शेवटी खोडदजवळ द्राक्षांच्या एका शेडमध्ये रेल्वेचा डबा उभा होता. अरुंद रुळांवर चालणारा, लहानसा, सागवानी. तो आणणारे गृहस्थ गावचेच. रेल्वेच्या कारखान्यात नोकरी संपवून परत आलेले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. कुठलीशी छोटी लाइन बंद पडली, तिथला हा डबा भंगारात निघाला. भाऊंनी तो ट्रेलरवर घालून आणला आणि धाकट्या भावाच्या शेडमध्ये ठेवला. बेल्ह्याच्या बाजाराला निघालेले टेम्पोवाले थांबून विचारत, "भाऊ, इंजिन कुठंय? का बैलं जुपायची?" भाऊ म्हणत, "बैलं कशाला राव, तुमालाच जुपतो."

मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते. वस्त्यांवरून येणाऱ्या मुली शाळा सुटली की फाट्यावरच्या मोरीच्या कठड्यावर एसटीची वाट बघत बसत. एसटी वेळेवर येत नसे. मोटारसायकलवाले तिथे चकरा मारत, नको ते बोलत. एवढ्यापायी दोन मुलींना घरच्यांनी शाळेतून काढलं होतं. डबा पाहिला आणि मी भाऊंना म्हटलं, हा नीट करून शाळेच्या आवारात, फाट्याच्या बाजूला ठेवला तर मुलींना बसायला आणि वाचायला हक्काची खोली होईल.

"करू की," भाऊ म्हणाले. "आपण करू, बाई."

'आपण' हा शब्द लक्षात ठेवा. इंग्रजीत 'आपण' आणि 'आम्ही' या दोन्हींसाठी एकच शब्द असल्यामुळे तुम्हाला हा फरक सहज जाणवणार नाही. 'आपण' म्हटलं की समोरचा माणूस त्यात असतो. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. भाऊ तीन वर्षं 'आपण' म्हणत होते.

दर रविवारी आम्ही शेडवर जमायचो. तुमचे आजोबा रंधा मारायचे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला असलेले एक तंत्रज्ञ खिडक्यांच्या झडपा आणि पितळी कड्या बघायचे. मी आणि शेजारच्या तिघीजणी बाकांचं वेत विणायचो. वेत आदल्या दिवशी भिजत घालावा लागतो, नाहीतर वाकवताना मोडतो. आमच्या घरचं मोठं पातेलं त्यातच गेलं. भाऊंची शिस्त अशी की जुनी फळी सांधता येत असेल तर नवी बसवायची नाही. काढलेल्या प्रत्येक फळीवर ते खडूने खूण करत आणि ती परत त्याच जागी बसली की हात पुसून चहा मागवत. रंग खरवडताना खालून हिरवा निघाला, त्याच्या खालून तपकिरी. कुठला ठेवायचा यावर आमचं दोन रविवार भांडण झालं. शेवटी तपकिरी ठरला. असं भांडण मला पुन्हा कधी मिळालं नाही.

शाळेने जागा दिली, पालकांनी दगडी ठोकळे रचून दिले. मी वर्गात मुलींना सांगितलं होतं की दिवाळीनंतर मोरीवर बसायचं नाही. पुस्तकांच्या कपाटांचं मी भाऊंना विचारायची, ते म्हणायचे, "कपाटं शेवटाला, बाई. आदी चाकं." ठोकळ्यांवर उभ्या राहणार्‍या डब्याच्या चाकांना इतकं ग्रीस कशाला, हे विचारायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. भाऊ सांगतील ते करायची आम्हाला सवय झाली होती.

एका रविवारी आम्ही पोचलो तर शेडसमोर ट्रेलर उभा. क्रेनचे पट्टे डब्याखालून घातलेले. आम्हाला वाटलं, डबा शाळेत न्यायला आणलाय. आजोबा खुशीत पुढे होऊन पट्टा धरायला लागले.

भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, आमी ठरवलंय. डबा डोंगराकडं चाललाय. तिथं हॉटेलवाल्या पावण्यांनी रूळ टाकल्यात. गोल. डबा चालणार."

"आमी म्हणजे कोण?" मी विचारलं.

"आमी म्हंजे... मी, धाकला, पुतणे. घरचे."

"आणि आपण?"

त्यांनी पट्ट्याची गाठ ओढून बघितली. मग म्हणाले, "तुमाला खोली पायजे व्हती. मला गाडी. ठोकळ्यावर उबा डबा म्हंजे मेलेलं जनावर. मला न्हाई बगवत."

"हे कधीपासून ठरलंय?"

"लई दिस झालं."

म्हणजे आम्ही वेत विणत होतो तेव्हाही त्यांना माहीत होतं. दुर्बिणीवरचे गृहस्थ एवढंच म्हणाले, "ग्रीसचं आत्ता कळलं." आजोबांनी पट्टा सोडला, रंधा पिशवीत घातला आणि गाडीत जाऊन बसले. डबा उचलला गेला तेव्हा एकही फळी करकरली नाही. काम इतकं चांगलं झालं होतं, याचाच मला राग आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावं लागलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, मग आमी मोरीवरच बसायचं का?" मी हो म्हटलं. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही.

डबा एक हंगाम गोल रुळांवर फिरला, असं ऐकलं. मग हॉटेल बंद पडलं. पुढे डबा कुठे गेला ते कोणी सांगत नाही. काही वर्षांनी एका लग्नात भाऊ माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "आपला डबा काय चालायचा, बाई." मी उठून दुसऱ्या पंगतीला गेले. आजोबांनी त्यांना माफ केलं होतं. चाकाच्या माणसाला चाक फिरलेलं बघायचं असतं, असं ते म्हणत. बघायचं होतं तर तसं पहिल्याच रविवारी सांगायचं. मी तरीही वेत विणला असता, कदाचित. पण मुलींना शब्द दिला नसता.

एक बाक मात्र त्या दिवशी डब्यात नव्हतं. त्याचं विणकाम अर्धं राहिल्यामुळे ते आमच्या पडवीत होतं. भाऊंनी ते कधी मागितलं नाही, मीही पाठवलं नाही. विणून पुरं केलं आणि शाळेच्या फाटकाच्या आत, शिपायाच्या नजरेसमोर ठेवलं. मधे एकदा वेत तुटला तेव्हा कोणीतरी प्लॅस्टिकच्या पट्टीने विणलं. ते अजून तिथे आहे. पाच मुली बसतात, बाकीच्या उभ्या राहतात.